एका पदाचे दोन गळे

मराठी घरांतून अलीकडे एक वाद वरचेवर ऐकूं येतो. 'घेई छंद मकरंद' हें पद वसंतराव देशपांड्यांचें, असें आजोबा म्हणतात. तें चित्रपटांतलें, असें नातू म्हणतो. आणि मधल्या पिढींतील सूनबाई दोघांचेंही मन राखण्यासाठीं जुनेंही चांगलें, नवेंही चांगलें, असें म्हणून चहाचें आधण ठेवावयास निघून जातात. हा समेट घरास सोयीचा असला तरी पदाला न्याय देणारा नव्हे. वाद घालणारे दोघेही गाणाराचें नांव सांगतात. पद कोणीं रचिलें व त्यास चाल कोणीं दिली, हें बहुधा दोघांसही सांगतां येत नाहीं. आमच्या नागपुरांत तर ही गोष्ट थोडी लाजिरवाणीच म्हटली पाहिजे. कारण पद रचणारे गृहस्थ नागपूरचे, आणि ज्या गळ्यानें तें गाजविलें तो गळाही याच गांवीं घडलेला. म्हणून या महिन्याच्या सदरांत या एका पदाची कुळकथा सांगावी, आणि तिच्या ओघानें, एकाचें गाणें दुसऱ्यानें गाणें ही गोष्ट थोर केव्हां ठरते व हलकी केव्हां ठरते, याचाही विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हें पद 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकांतील. नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजीं झाला. प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा' या संस्थेनें तें रंगभूमीवर आणिलें. लेखन व दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें, आणि संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचें. खांसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकर झाले भार्गवराम आचरेकर, सदाशिव झाले प्रसाद सावकार आणि झरीना झाल्या फैयाज. संगीत नाटकाचे दिवस सरले असें म्हणण्याची तेव्हां प्रथाच पडली होती. अशा वेळीं एका नाटकांत इतके पट्टीचे गळे एकत्र यावेत हा योग विरळाच.

कथा बहुतेकांस ठाऊक असेल, तरी तिची खुंटी सांगितल्यावांचून पुढील विवेचन लटकत राहील. विश्रामपूर संस्थानाच्या राजगायकाला मानाची एक कट्यार मिळते, आणि त्या कट्यारीनें त्यानें एक खून केला तर तो माफ असतो. भानुशंकरांची गायकी शांत व सात्त्विक. खांसाहेबांची चपल, तेजस्वी, अंगावर येणारी. राजगायकाचें पद एकाकडून दुसऱ्याकडे जातें. भानुशंकरांकडे शिकावें म्हणून मोठ्या आशेनें आलेला सदाशिव गुरु नाहींसे झालेले पाहतो, आणि ज्यानें त्यांची जागा घेतली त्याच्याच हवेलींत राहून तेथील विद्या कान लावून टिपूं पाहतो. विद्या घराण्याची, कीं जिच्या गळ्यांत उतरेल त्याची? एकलव्याच्या अंगठ्यापासून आपल्या देशांत पडलेला हा प्रश्न या नाटकानें पुन्हां उभा केला. शेवट काय होतो तें आम्ही येथें सांगत नाहीं. घरांतील मुलांनीं अद्याप पाहिलें नसेल तर त्यांचा आनंद कां हिरावावा?

परंतु नाटककाराची खरी चतुराई संवादांपेक्षां पदांत आहे. 'घेई छंद' हें एकच पद या नाटकांत दोन निराळ्या गायकींतून कानीं पडतें. एकदां तें संथ, ठाय, जणूं देवघरांत समई लावावी अशा चालीनें येतें. आणि एकदां तेंच शब्द घेऊन खांसाहेबांची गायकी तानांचा असा वर्षाव करिते कीं श्रोत्यास श्वास घ्यावयास फुरसत मिळूं नये. शब्द तेच, कवि तोच, संगीतकारही तोच. बदलली ती केवळ गाणाराची प्रकृति. तेव्हां आजोबा आणि नातू यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, या पदाचें मूळ रूप एकच असें कधीं नव्हतेंच. जन्मापासूनच तें जुळें आहे.

आतां दारव्हेकरांविषयीं दोन शब्द. सन १९२६ मध्यें त्यांचा जन्म झाला व १९९९ सालीं ते निवर्तले. नागपुरांत 'रंजन कला मंदिर' ही नाट्यसंस्था त्यांनीं काढिली व वाढविली, पुढें आकाशवाणीवर काम केलें, मुलांसाठीं नाटकें लिहिलीं, वऱ्हाडी बोलीस रंगभूमीवर मान मिळवून दिला. इतका मोठा व्याप करूनही नाट्यव्यवसायांतील लोक त्यांना अखेरपर्यंत 'मास्तर' म्हणत, याचा आम्हां जुन्या शिक्षकांस काय आनंद वाटतो तो काय सांगावा! पद लिहितांना त्यांनीं जे शब्द योजिले ते पाहिले म्हणजे हा मनुष्य वर्गांत सुभाषितें समजावून सांगत असेल तर कशीं सांगत असेल, याची कल्पना येते.

पदाचा विषय भ्रमराचा. मकरंद म्हणजे फुलांतील मध आणि मिलिंद म्हणजे भुंगा, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. भ्रमरान्योक्ति हा संस्कृत कवींचा आवडता प्रांत. पंडितराज जगन्नाथाच्या 'भामिनीविलासां'त भुंग्याच्या मिषानें रसिकांस, राजांस आणि कृतघ्नांस केवढे टोले दिलेले आहेत! परंतु आम्हांस या पदावरून आठवण होते ती 'शाकुंतला'च्या पांचव्या अंकाची. अंकाच्या आरंभीं पडद्याआडून हंसपदिकेचें गाणें ऐकूं येतें. गाणें एका भुंग्यास उद्देशून आहे, ज्यानें आंब्याच्या मोहोराचा आस्वाद घेतला आणि कमळांत रमून मोहोराला विसरला. राजा प्रथम तें आपणांस मारलेला टोमणा म्हणून हंसून ऐकतो. विदूषकास धाडून तो तिची समजूत घालावयास सांगतो. आणि मग त्याच गाण्यानें त्याचें मन अकारण व्याकुळ होतें. शापामुळें शकुंतला स्मरत नाहीं, पण कांहीं तरी हरवलें आहे एवढें मात्र गाणें त्यास सांगून जातें. एकच गाणें एका क्षणीं थट्टा होतें आणि दुसऱ्या क्षणीं जन्मांतरीची हुरहूर होतें. कालिदासानें तेथें जें केलें तेंच आपल्या नागपूरच्या मास्तरांनीं दोन गायकी समोरासमोर उभ्या करून केलें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

भ्रमराचें रूपक वसंतरावांस जितकें लागू पडतें तितकें दुसऱ्या कोणास क्वचितच पडेल. २ मे १९२० रोजीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापुरास त्यांचा जन्म झाला. बालपण नागपुरांत गेलें. आईनें एकटीनें त्यांस वाढविलें. येथेंच शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचें गाण्याचें शिक्षण झालें. पुढें चित्रपटसृष्टींत सी. रामचंद्र या नांवानें विख्यात झालेले रामचंद्र चितळकरही याच सप्रेगुरुजींचे शिष्य. सन १९३५ मध्यें भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटांत वसंतराव बाळकृष्ण झाले. मग लाहोरास असद अली खांसाहेबांकडे जाऊन मारवा शिकले. पुण्यास आल्यावर सुरेशबाबू माने यांचा लाभ झाला. आणि मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसा तर मनावर लहानपणापासूनच उमटलेला. हें सर्व चालू असतां पोटासाठीं लष्करी हिशेब खात्यांतील नोकरीही वर्षानुवर्षें चाललीच होती. आंकडे मांडणाऱ्या हातांनीं संध्याकाळीं तानपुरा जुळवावा, हें आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांस अपरिचित नाहीं.

पूर्वीं गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. चार घरचें चार घांस घ्यावयाचें, एकाही घरास भार होऊं द्यावयाचा नाहीं, आणि आपलें पोट मात्र भरलें पाहिजे. मधुकराची म्हणजे भुंग्याची ही वृत्ति, म्हणून तिला माधुकरी म्हणावयाचें. वसंतरावांनीं गाण्याची माधुकरी मागितली. एका घराण्याचा गंडा बांधून बसलेल्या सनातन्यांनीं त्यांस नांवें ठेविलीं, कीं यांचें गाणें कोणत्याही एका घराण्याचें नव्हे. पण झोळींत जें पडलें त्याचा काला न होतां मध झाला, हें ज्यांस जाणवलें त्यांना घराण्याची विचारपूस करण्याचें सुचलेंच नाहीं. अशा गायकाला सत्तेचाळिसाव्या वर्षीं खांसाहेबांची भूमिका मिळाली, आणि तींत गावयास भुंग्याचें पद मिळालें.

चाल देणारे अभिषेकीबुवाही याच जातीचे. सन १९२९ मध्यें गोव्यांतील मंगेशीस जन्म, वडील कीर्तनकार; आणि विद्या घेतली ती जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खां, गुलूभाई जसदनवाला अशा निरनिराळ्या गुरूंकडून. 'मत्स्यगंधा' (१९६४) व 'ययाति आणि देवयानी' (१९६६) या नाटकांनीं त्यांचें नांव झालें होतेंच. खांसाहेबांच्या 'घेई छंद'साठीं त्यांनीं सालगवराळी हा राग घेतला. हा राग मूळचा कर्नाटक संगीतांतला, उत्तरेकडील मैफलींत क्वचितच ऐकूं येणारा. म्हणजे पहा, शब्द विदर्भाचे, चाल गोमंतकीयाची, राग दक्षिणेचा, आणि नाटकांत तें गाणारा पात्ररूपानें बरेलीचा खांसाहेब! हें पद अमक्याचेंच, म्हणून भांडणाऱ्यांनीं या गोतावळ्यावर एकवार दृष्टि टाकावी.

तसें पाहिलें तर आपल्या संगीत नाटकाचा पायाच मुळीं दुसऱ्याच्या चालींवर घातलेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत झाला. त्या काळच्या नाटकांचीं जुनीं पुस्तकें ज्यांच्या माळ्यावर अद्याप असतील त्यांनीं उघडून पहावींत. पदावर 'चाल' असा शब्द असतो आणि पुढें एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे पहिले शब्द असतात. कानडी पदें, लावण्या, साक्या, दिंड्या, कीर्तनांतील पदें, ज्या ज्या चाली लोकांच्या ओठीं होत्या त्या सर्व घेतल्या, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. ऋण उघड मांडलें कीं तें ऋण राहतें, चोरी होत नाहीं. पुढें 'मानापमाना'स (१९११) गोविंदराव टेंब्यांनीं चाली दिल्या. आणि त्याच नाटकांतील धैर्यधर रंगवितांना दीनानाथांनीं कित्येक पदें मूळच्या चालींत न गातां अगदीं निराळ्या चालींत गाइलीं. 'प्रेमसेवा शरण' या पदाच्या म्हणूनच दोन चाली प्रचारांत राहिल्या, आणि रसिकांनीं त्या दोन्ही सांभाळल्या. ख्यालाच्या बंदिशींचेंही तसेंच. सदारंगाच्या बंदिशी दोनअडीचशें वर्षें शेंकडों गवई गात आले. रचणाराचें नांव बंदिशीच्या शब्दांतच गुंफलेलें असल्यामुळें गाणारास तें गिळंकृत करितां येत नाहीं. नोंदणीचा कायदा होण्यापूर्वींच ही सोय करून ठेवणाऱ्यांच्या शहाणपणाचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटतें.

पाश्चात्त्य देशांत एकाचें ध्वनिमुद्रित गाणें दुसऱ्यानें पुन्हां मुद्रित केलें म्हणजे त्यास 'कव्हर' म्हणतात. या शब्दामागें तिकडे बराच कडू इतिहास आहे. अमेरिकेंत कृष्णवर्णीय गायकांच्या 'रिदम अँड ब्लूज' नामक गाण्यांस गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओवर सहसा प्रवेश मिळत नसे. तेव्हां तींच गाणीं गोरे गायक थोडीं मवाळ करून गात आणि लोकप्रियता व पैसा त्यांच्या पदरीं पडे. सन १९५५ मध्यें फॅट्स डॉमिनो यांचें एक गाणें पॅट बून यांनीं असेंच पुन्हां गाइलें, आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत पहिला क्रमांक मिळविला तो बून यांनीं. परंतु उलट बाजूचेंही एक उदाहरण आहे, आणि तें आमच्या 'कट्यारी'च्याच वर्षाचें. ऑटिस रेडिंग या कृष्णवर्णीय गायकानें १९६५ सालीं 'रिस्पेक्ट' नांवाचें गाणें स्वतः रचून गाइलें. कष्ट करून घरीं आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो, असा त्याचा रोख. दोन वर्षांनीं, १९६७ मध्यें, अरीथा फ्रँकलिन या गायिकेनें तेंच गाणें घेतलें, त्यांत थोडी भर घातली, आणि मान मागणारी व्यक्ति स्त्री केली. एवढ्यानें अर्थच पालटला. तें गाणें त्या देशांतील स्त्रियांचें आणि नागरी हक्कांसाठीं झगडणाऱ्या लोकांचें घोषगीत होऊन बसलें, आणि आज तें रेडिंग यांचें होतें हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. आपलें गाणें एका मुलीनें नेलें, असें स्वतः रेडिंग यांनीं त्याच वर्षीं जूनमध्यें माँटेरे येथील जलशांत थट्टेनें श्रोत्यांस सांगितलें होतें. त्याच वर्षीं १० डिसेंबरास विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वय अवघें सव्वीस. आमच्या 'कट्यारी'चा पडदा वर गेला तो त्यानंतर चौदा दिवसांनीं.

दोन्ही उदाहरणांत दुसऱ्याचें गाणेंच गाइलें गेलें. मग एकाचा राग कां यावा आणि दुसऱ्याचें कौतुक कां वाटावें? याचें उत्तर आम्हांस आपल्या अलंकारशास्त्रांत सांपडतें. नवव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतांत, एका कवीची रचना दुसऱ्याच्या रचनेसारखी कशी असूं शकते याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिलें साम्य आरशांतील प्रतिबिंबाचें; तें स्वतःचा प्राण नसल्यामुळें त्याज्य. दुसरें चित्राचें, त्याला थोडा वेगळा देह लाभला तरी जीव नाहीं, म्हणून तेंही टाकावें. तिसरें साम्य मात्र दोन जिवंत माणसांमधलें. मुलाचा चेहरा बापासारखा असतो म्हणून मूल ही बापाची नक्कल आहे असें कोणी म्हणत नाहीं. हें तिसरें साम्य आचार्यांनीं ग्राह्य मानिलें. राजशेखरानें पुढें 'काव्यमीमांसें'त या विषयाचा आणखी विस्तार केला. (याच राजशेखरानें काव्यपुरुषाचें लग्न साहित्यविद्येशीं विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत, म्हणजे आपल्या वाशिमास, लावून दिलेलें आहे, ही गोष्ट वैदर्भीयांनीं विसरूं नये.)

आनंदवर्धनाची ही कसोटी हातीं धरून पुढचा इतिहास पहावा. ३० जुलै १९८३ रोजीं वसंतराव गेले, आणि मागें राहिल्या ध्वनिमुद्रिका. ध्वनिमुद्रिका ही मोठी उपकारक वस्तु खरी. तिच्यामुळेंच आमच्यासारख्यांस घरीं बसून तें गाणें आजही ऐकावयास मिळतें. पण तिनें एक विपरीत गोष्टही केली. रंगभूमीवर श्रोत्यांच्या आग्रहाप्रमाणें तेंच पद वाढे, वळे, रोज नवी वाट काढी. मुद्रिकेंत तें कांहीं मिनिटांपुरतें गोठलें. आणि त्या गोठलेल्या रूपालाच लोक 'मूळ' म्हणूं लागले. आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं एका नाट्यगीतांच्या स्पर्धेस गेलों होतों. पंधरासोळा वर्षांच्या एका मुलीनें हेंच पद गाइलें. गळा गोड होता, तयारी होती, आणि शेवटीं तिनें स्वतःच्या बुद्धीनें एक लहानशी तान घेतली, जी मुद्रिकेंत नव्हती. ती तान ऐकून आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चटकन् सांवरून बसले. परीक्षकांनीं मात्र निकाल सांगतांना, 'मूळ गाणें असें नाहीं' या कारणास्तव तिचे गुण कापल्याचें जाहीर केलें, आणि मूळ गायकाच्या श्वासासकट नक्कल करणाऱ्या मुलास पहिलें बक्षीस दिलें. मुलगी रडली नाहीं, पण दुसऱ्या वर्षीं ती आली नाहीं. जो गायक तेंच गाणें दोनदां सारखें गात नसे, त्याच्याच नांवानें दुसऱ्यास सारखें गावयास लावणें, हा केवढा विपर्यास! प्रतिबिंबास बक्षीस आणि जिवंत देहास दंड, असाच तो न्याय झाला.

सन २०१० मध्यें 'कट्यार' पुन्हां रंगभूमीवर आली. दिग्दर्शन सुबोध भावे यांचें. खांसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, आणि सदाशिव झाले महेश काळे. राहुल यांचा जन्म १९७९ चा. आजोबा गेले तेव्हां ते पुरते चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे आजोबांसमोर बसून तालीम घेण्याचा योग त्यांस नव्हताच. पुढें ते शिकले ते इतर गुरूंकडे, कुमार गंधर्वांचे पुत्र मुकुल शिवपुत्र यांच्याकडेही. आणि कुमारांच्या गाण्याचा त्यांना लहानपणापासून ध्यास. 'मला उमजलेले बालगंधर्व' या नांवानें बालगंधर्वांचीं पदें आपल्या रीतीनें गाण्याचें धाडस ज्यांनीं केलें ते हेच कुमार. त्या नांवांतील 'उमजलेले' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. ऐकलेले नव्हे, पाठ केलेले नव्हे, उमजलेले. नातवानें आजोबांची भूमिका केली ती याच वाटेनें. चेहरेपट्टी तीच, आवाजांतील धग ओळखीची, पण तानेचा उगम आणि वळण पुष्कळदां निराळें. जुन्या श्रोत्यांपैकीं कांहींनीं 'वसंतरावांसारखें होत नाहीं' म्हणून नाकें मुरडलीं. होत नाहीं हें खरेंच. आणि तें न होण्यांतच त्याचें पावित्र्य आहे, असें आमचें मत आहे.

मग नोव्हेंबर २०१५ मध्यें, ऐन दिवाळींत, सुबोध भावे यांनींच दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. शंकर, एहसान व लॉय या त्रयीनें संगीताची बाजू सांभाळली. जुन्यांपैकीं बरींच पदें ठेविलीं व कांहीं नवीं घातलीं. पडद्यावरील खांसाहेब सचिन पिळगांवकर, त्यांचा गळा राहुल देशपांड्यांचा. भानुशंकर झाले स्वतः शंकर महादेवन. आणि सदाशिवाच्या भूमिकेंत भावे, गळा महेश काळे यांचा. शंकर महादेवन मुंबईंत वाढलेले तमिळ गृहस्थ, कर्नाटक पद्धतीचे संस्कार झालेले. मराठी नाट्यपदांत त्यांचा प्रवेश ऐकून कित्येकांनीं भुंवया उंचावल्या होत्या. पण त्यांनीं पदाचे संस्कृतप्रचुर शब्द ज्या स्वच्छतेनें उच्चारले आहेत, तशी स्वच्छता आमच्या कित्येक मराठी गायकांस साधत नाहीं, हें आम्हीं कान देऊन ऐकलें आहे. चित्रपट फार चालला. शाळकरी मुलें रस्त्यानें जातांना नाट्यपदें गुणगुणूं लागलीं. हें दृश्य पाहून आमच्या पिढीच्या मनास जी थंडाई वाटली ती नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

तरी एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. चित्रपटांत वाद्यांचा मेळा भारी झाला आहे. नाटकांत ऑर्गन आणि तबला यांच्या आधारानें गाणें उघड्यावर उभें असे. गायक चुकला तर झांकावयास कांहीं नसे, आणि साधला तर त्याच्या यशांत भागीदार नसे. पडद्यावर दर दोन ओळींनंतर कांहीं तरी झणकारतें, कॅमेरा फिरतो, दिव्यांची आरास उजळते. पदाचा विस्तारही आंखडला आहे. भुंगा फुलावर बसतो न बसतो तोंच त्यास उडवून दिलें जातें. आनंदवर्धनाच्या भाषेंत सांगावयाचें तर, चित्रपटांतील 'घेई छंद' हें कांहीं जागीं चित्र आहे आणि कांहीं जागीं जिवंत देह आहे. जेथें गळा एकटा पडतो तेथें तें जिवंत होतें.

महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. म्हणजे गाजविणाराचा नातू आणि चाल देणाराचा शिष्य, दोघेही या पुनर्जन्मांत सामील झाले. याच चित्रपटांतील एका नव्या पदासाठीं काळे यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढें 'मी वसंतराव' या चित्रपटांत आजोबा रंगविणाऱ्या राहुल यांसही गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तो २०२२ सालीं जाहीर झाला. घराणें रक्तानें चालतें कीं विद्येनें, हा नाटकांतला प्रश्न येथें प्रत्यक्षांत उभा राहिला, आणि दोन्ही पक्षांस एकेक साक्षीदार मिळाला.

नागपुरांत सिव्हिल लाइन्समध्यें वसंतरावांच्या नांवाचें सभागृह आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ येथें संगीतसमारोहही भरतो. दारव्हेकर मास्तरांच्या वांट्यास आलेलें लोकांचें स्मरण त्या मानानें तुटपुंजें आहे. गायकाचा आवाज राहतो, कवीचे शब्द त्या आवाजांत विरघळतात. हें कवींच्या नशिबीं पूर्वापार आलेंच आहे. निदान आमच्या गांवांतील संगीतशिक्षकांनीं तरी हें पद शिकवितांना आधीं कवीचें नांव, मग संगीतकाराचें, आणि मग गायकाचें, असा क्रम मुलांकडून घोकून घ्यावा. सदारंगाची सोय आपल्या नाट्यपदांत नाहीं. ती तोंडानेंच करावयास हवी.

आणि आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आरंभीं सांगितलेला वाद चालू असेल, त्यांस एक प्रयोग सुचवितों. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर दिवा मंद करून घरच्या सर्व मंडळींनीं बसावें. गाणाराचें नांव न सांगतां तीन मुद्रणें एकामागून एक लावावींत: नाटकांतील संथ चालीचें, वसंतरावांचें, आणि चित्रपटांतील. पडदा मात्र बंद असावा. केवळ कानांनीं ऐकावें. मग सर्वांत धाकट्या मुलास विचारावें, यांतला भुंगा कोणत्या गाण्यांत फुलावर बसला आणि कोणत्या गाण्यांत नुसता घिरट्या घालीत राहिला. आम्हीं हा प्रयोग आमच्या घरीं केला तेव्हां आठ वर्षांच्या नातीनें दिलेलें उत्तर आमच्या उत्तराहून निराळें निघालें, आणि तिला तें पटवून देण्यासाठीं तीन्ही गाणीं पुन्हां लावावीं लागलीं. तिचें मत अद्याप बदललेलें नाहीं.